चुका सुधारणाऱ्यांच्या गावाला

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला "काय काय पाहिलंत?" असे विचारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मी आठ दिवस बेल्जियममध्ये राहून आलो, तेव्हा मलाही तो प्रश्न आला. मी खरे ते सांगितले, "ब्रुसेल्सला एका विद्यापीठाच्या बोळात दोन दिवस गर्दीत उभा होतो आणि अँटवर्पला एक टेबल पाहिलं." शेजारच्या काकूंनी यावर माझ्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी सौ.कडे पाहिले, आणि त्या पाहण्यात अपार सहानुभूती होती.

पण या टेबलापर्यंत मी कसा पोहोचलो ते मुळापासून सांगायला हवे.

त्याचे मूळ माझ्या कुरकुरण्यात आहे. मराठीचा प्राध्यापक म्हटला की कुरकुर ही आलीच. त्यातून माझ्या लाल शाईची आमच्या कॉलेजात थोडी ख्यातीच आहे. चारेक वर्षांपूर्वी आमच्या भाच्याने माझ्या संगणकावर पत्रे, प्रश्नपत्रिका वगैरे लिहिण्याची एक फुकट प्रणाली बसवून दिली आणि तिचे सारे फलक मराठीत करून दिले. मी पहिलाच मजकूर लिहिला, आणि तो जतन करण्यासाठी बटण शोधू लागलो, तर बटणावर लिहिलेले, "वाचवा". जणू यंत्राच्या पोटात कोणी बुडत होते! मी दिवसभर हसलो आणि आठवडाभर तक्रार केली. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, नुसती कुरकुर कशाला करता? ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. तिचं अंतरंग सगळ्यांना खुलं आहे. चूक दिसली तर दुरुस्त करा आणि पाठवून द्या."

मुक्त स्रोत म्हणतात तो प्रकार हा. प्रणालीचा मूळ लेख, म्हणजे ज्याला ही मंडळी कोड म्हणतात तो, जगातल्या कोणालाही वाचता येतो, घरी नेऊन बदलता येतो, आणि केलेला बदल परत मूळ ठिकाणी देऊ करता येतो. देऊ करता येतो, एवढेच. तो आत घ्यायचा की नाही हे दुसरा कोणीतरी तपासून ठरवतो. देऊ केलेल्या बदलाला पॅच म्हणतात, म्हणजे आपले ठिगळ. आणि ठिगळ पसंत पडले की त्याची वहीत नोंद होते, तिला कमिट म्हणतात. प्रत्येक नोंदीवर नाव, तारीख आणि वेळ असते, काय बदलले ते ओळ न् ओळ असते, आणि वर बदलणाऱ्याने लिहिलेला चार ओळींचा खुलासा असतो. अशा हजारो नोंदी एकीपुढे एक रचून झालेली वही, हा त्या प्रणालीचा इतिहास.

मी उन्हाळ्याची सुटी खर्ची घालून ३१२ दुरुस्त्या केल्या, त्यांचे एक गाठोडे बांधले, वर खुलासा लिहिला, "मराठी सुधारले", आणि पाठवून दिले. आता आभाराचे पत्र येईल, म्हणून मी वाट पाहू लागलो.

पत्र दुसऱ्याच दिवशी आले आणि त्यात आभारही होते. पण आभारांखाली चार मुद्दे होते. एक: या गाठोड्यात शुद्धलेखन, परिभाषा आणि विरामचिन्हे असे निरनिराळे बदल एकत्र झाले आहेत, ते वेगळे करून पाठवता येतील का? दोन: "सुधारले" म्हणजे काय बिघडले होते, ते लिहाल का? तीन: अमुक शब्दाच्या जागी तमुक शब्द का बरा, हे मराठी न जाणणाऱ्यालाही कळेल असे एका वाक्यात सांगता येईल का? आणि चार: अकरा ओळींत मुळात असलेली एक खूण तुमच्या मजकुरात दिसत नाही, ती मुद्दाम काढली आहे का?

तपासनीसाने पत्रातच कबूल केले होते, की त्याला मराठी मुळीच येत नाही. ते वाचल्यावर मात्र माझा पारा चढला. ज्याला मराठीतला 'म' ठाऊक नाही, तो वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्याला वाक्याचे कारण विचारतो! मी भाच्याला फोन लावला. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, ती अकरा ठिकाणची खूण कसली होती?"

टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटून एक रोमन अक्षर, अशी ती खूण होती. मला ती छापण्यातली चूक वाटली, म्हणून मी ती साफ करून टाकली होती. भाच्याने डोक्याला हात लावलेला मला फोनवरही दिसला. ती खूण म्हणजे एक रिकामी खुर्ची असते. प्रणाली चालू असताना तिथे फाइलचे नाव किंवा पानाचा आकडा येऊन बसतो. खुर्चीच काढून घेतली तर पाहुणा उभाच राहतो, आणि कधीकधी प्रणालीही तिथेच आडवी होते. मराठी न येणाऱ्या माणसाने माझ्या मराठीतली अकरा भगदाडे शोधून काढली होती, आणि ती दाखवताना "तुम्ही चूक केली" असे न म्हणता "हे मुद्दाम आहे का?" एवढेच विचारले होते.

त्यानंतर माझे काम आणखी दोनदा परत आले. चौथ्या खेपेला, एकोणीस लहान पॅचांत विभागून आणि प्रत्येकावर कारण लिहून, ते आत गेले. मधल्या पत्रांत काही शेऱ्यांच्या आधी 'निट' असा शब्द असे. त्याचा अर्थ शोधला तर निघाला 'लीख', केसांतली! शेरा अगदी बारीक आहे, मानला नाही तरी काम अडणार नाही, हे सांगण्याची ती खूण. वेणी घालताना लिखा काढाव्यात, पण लिखांसाठी वेणी मोडू नये, हा तिच्यातला विवेक. मी वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि विचाराची चूक यांवर माझी लाल शाई सारखीच सांडत आली होती, हे तेव्हा कुठेतरी टोचून गेले. असो.

भाचा ल्यूव्हेनला असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच्याकडे गेलो, तेव्हा शनिवारी सकाळी तो म्हणाला, "चला, तुमच्या तपासनीसांच्या जत्रेला."

ही जत्रा दरवर्षी हिवाळा सरता सरता ब्रुसेल्सच्या फ्रेंच भाषक मुक्त विद्यापीठाच्या सोलबॉश आवारात भरते. २००० साली ती सुरू झाली. तिचे नाव फॉसडेम. तिथे तिकीट नाही, नावनोंदणी नाही, छातीवर लावायची चिठ्ठीही नाही. ७१ नंबरच्या बसमध्येच मला जत्रेची कल्पना आली. अर्ध्या उतारूंच्या पाठीवर पिशव्या आणि पिशव्यांवर पेंग्विन पक्षी. आवारात शिरलो तो बारीक पाऊस, करडे आभाळ, ओल्या लोकरीचा वास आणि माणसेच माणसे. काही हजार तरी असतील. जान्सन नावाचे हजारावर माणसे मावतील असे सभागृह आहे; पण खरी मजा लहान वर्गांत. एका वर्गात छपाईयंत्रांविषयी, दुसऱ्यात नकाशांविषयी, तिसऱ्यात भाषांतरांविषयी. वर्ग भरला की दारावर 'भरला' असा कागद लागतो, आणि मागाहून आलेला विद्वान असो की विद्यार्थी, तो बाहेरच. पंढरीच्या बारीत उभे राहिलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही.

आणि सगळीकडे बोलणे चाललेले होते ते चुकांचे. कोणाची चूक कोणी दाखवली, ती कशी सापडली, दुरुस्ती आत जायला किती महिने लागले. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात दुखण्यांच्या गोष्टी निघतात, त्याच आपुलकीने.

माझा तपासनीस मला तिथेच भेटला. पत्रांवरून मी एक चष्मा लावलेला, तुटक बोलणारा तरुण कल्पिला होता. प्रत्यक्षात निघाले साठी उलटलेले एक चेक गृहस्थ, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही पावसात एका गाडीवरून तळलेल्या बटाट्याचे पुडे घेतले आणि आडोशाला उभे राहिलो. मी मनातले विचारून टाकले: एकत्र पाठवलेले काम तोडून तोडून का मागता?

त्यांनी रेल्वेचाच दाखला दिला. म्हणाले, "समजा, हजार खांबांच्या तारेत कुठेतरी बिघाड आहे. तुम्ही पहिल्या खांबापासून चालत जाणार का? मधल्या खांबाशी उभे राहा. इथवर तार ठीक असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. मग उरलेल्या अर्ध्याचे अर्धे करा. दहा वेळा थांबलात की खांब सापडतो." प्रणालीच्या इतिहासातही असेच करतात. परवापर्यंत चालणारी गोष्ट आज चालेनाशी झाली, तर मधल्या हजार नोंदींतून नेमकी दोषी नोंद दहा चाचण्यांत हाती लागते. "पण त्या खांबावर तुम्ही तीनशे बारा तारा एकत्र गुंडाळल्या असतील," ते हसत म्हणाले, "तर खांब सापडून मला काय उपयोग?"

"आणि कारण लिहायला का सांगता?"

"बदल काय केला हे तर वहीत दिसतंच. का केला ते तुमच्या डोक्यात असतं, आणि तुमचं डोकं तुम्ही घरी घेऊन जाता."

या वहीची एक शिस्त त्यांनी मला तिथेच समजावली. काम लोकांपुढे ठेवण्याआधी आपल्या कच्च्या नोंदी हव्या तेवढ्या घासून पुसून घ्याव्यात. धडपडीचा सगळा पसारा वाचणाऱ्याच्या अंगावर टाकू नये. पण नोंद एकदा सामाईक वहीत गेली, तिच्यावर दुसऱ्यांनी आपले काम रचले, की मग ती खोडायची नाही. चूक निघाली तर ती उलटवणारी नवी नोंद करायची, आणि तिच्यातही कारण लिहायचे. मला हे लगेच पटले. कच्चा खर्डा फाडावा. पण छापून गेलेल्या पुस्तकाचे पान कोणी फाडत नाही. त्याला शुद्धिपत्र जोडतात.

शेवटी मी भीत भीत विचारले, "पहिल्या पत्राने मला राग आला होता, ते तुम्हाला कळलं होतं?"

"हो. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं." थोडे थांबून ते म्हणाले, "म्हणून पुढच्या वेळी मी चांगलं ते आधी लिहिलं. एका इंग्रजी शब्दाला तुम्ही सगळीकडे एकच मराठी शब्द ठेवला होता. भाषा येत नसली तरी ते दिसतं. खोटी स्तुती मी करत नाही. पण खरी असेल तर ती का दडवायची?"

परतताना भाच्याने सांगितले, की हे सौजन्य या जगात पहिल्यापासून होते असे नाही. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्सने लिनक्सचा पाया घातला, आणि ज्या वहीचे मी वर्णन केले ती गिट नावाची वहीही त्यानेच २००५ साली तयार केली. त्याच्या कामाइतकीच त्याच्या पत्रांची धारही प्रसिद्ध होती. आलेल्या पॅचाबरोबर पाठवणाराही सोलून निघे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने त्या पत्रांबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून रजा घेतली, आणि लिनक्सच्या कार्यकर्त्यांसाठी वर्तनाचे नियमही तेव्हाच आले. एवढी मोठी वही बांधणाऱ्यालाही हा धडा सत्तावीस वर्षांनी गिरवावा लागला, हे ऐकून मला उगीचच धीर आला.

मंगळवारी मी एकटाच अँटवर्पला गेलो. आगगाडीने तासाभराच्या आतला रस्ता. स्टेशन राजवाड्यासारखे, त्याखाली मजल्यामजल्यांवर गाड्या. तिथून पायी चालत शुक्रवारच्या बाजाराच्या चौकात गेलो, की प्लांटिन-मोरेटस हे घर लागते. सोळाव्या शतकात क्रिस्तोफ प्लांटिनने इथे छापखाना चालवला, आणि त्याच्या जावयाच्या घराण्याने तो तीनशे वर्षे सांभाळला. १८७७ पासून ते संग्रहालय आहे. जगातले सर्वांत जुने दोन छापयंत्र तिथे आहेत. सन १६०० च्या सुमाराचे. पण मी खिळलो तो मुद्रितशोधकांच्या खोलीत.

उंच खिडकी, तिच्यातून येणारा फिका उजेड, आणि त्या उजेडात मांडलेले ओकच्या लाकडाचे भले मोठे कोरीव मेज. प्लांटिनच्या छापखान्यात हिब्रू, ग्रीक, लॅटिन, सिरियाक आणि अरामी अशा पाच भाषांतले आठ खंडांचे बायबल छापले गेले. त्याची मुद्रिते तिथल्या माणसांनी अक्षर न् अक्षर तपासली. प्लांटिनच्या मुलीही लहानपणापासून मुद्रिते वाचायला मदत करीत. किलियान नावाच्या इथल्या मुद्रितशोधकाने दुसऱ्यांच्या चुका काढता काढता डच भाषेचा कोश रचला. १५९९ ची त्याची आवृत्ती प्रसिद्ध आहे. मी त्या मेजासमोर बराच वेळ उभा होतो. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

आणि मला पैठण आठवले. हा छापखाना चालू होता त्याच काळात, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्या शेवटी नाथांनी मोजक्या ओव्या जोडल्या, आणि त्यांत शक घातला, आपले नाव घातले, आणि पाठभेदांनी ग्रंथ बिघडला होता म्हणून हे केले, असे कारणही घातले. मी त्या ओव्या वर्गात अनेकदा शिकवल्या होत्या. पण ही नोंद म्हणून किती चोख आहे, हे मला अँटवर्पमध्ये उमगले. उणीव एकच राहिली. कोणत्या ओवीत मूळ काय होते आणि नाथांनी काय केले, हे ओळीओळीने लिहिलेले नाही. त्यामुळे राजवाड्यांनी १९०९ साली नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हापासून विद्वान त्या हरवलेल्या वहीसाठी वाद घालीत आहेत. उलट पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ तळाशी, असे पानोपानी ठेवले. संपादकांचा निर्णय पटला नाही, तर आजही वाचकाला खाली पाहून आपला निर्णय करता येतो. दुरुस्ती करणाऱ्याने पुढच्याला केलेला तो नमस्कार आहे.

इथवर विचार छान चालला होता. मग त्या मेजावर मला माझी लाल शाई दिसली.

अकरा वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंधिकेचा खर्डा आणून दिला होता. ऐंशी पाने होती. ओव्या तिने आपल्या आजीकडून आणि गावातल्या बायकांकडून स्वतः ऐकून लिहून घेतल्या होत्या. मी पानोपानी लाल वर्तुळे काढली आणि पहिल्या पानावर शेरा दिला: "रचना विस्कळीत. पुन्हा लिहा." विस्कळीत म्हणजे कुठे, पुन्हा म्हणजे कसे, हे लिहिले नाही. ती खर्डा न्यायला आलीच नाही. प्रबंधिकेऐवजी तिने दुसरी प्रश्नपत्रिका घेतली, पास झाली, गेली. तिला झेपले नाही, असे मी ठरवून टाकले. ते ऐंशी पानांचे पुडके माझ्या कपाटात राहिले.

त्या चेक गृहस्थांनी पहिल्या पत्रात "मराठी विस्कळीत, पुन्हा करा" एवढेच लिहिले असते, तर मी दुसऱ्यांदा काही पाठवले असते का? वीस वर्षांच्या नोकरीची ऊब पाठीशी असूनही नसते पाठवले. त्या मुलीच्या पाठीशी तर काहीच नव्हते.

पुण्याला परत आल्यावर ते पुडके काढले आणि पेन्सिल घेऊन बसलो. लाल वर्तुळांकडे पाहिले, तर निम्म्यांचे कारण आता मलाच सांगता येईना. ती सोडून दिली. उरलेल्या एकतीस जागांसाठी एकतीस चिठ्ठ्या लिहिल्या. एका चिठ्ठीत एकच मुद्दा, आणि त्याचे कारण. सात चिठ्ठ्यांवर लिहिले, "बारीकसारीक आहे, न केले तरी चालेल." सुरुवातीला खर्ड्यात चांगले काय आहे ते लिहिले. ते लिहायला दोन पाने लागली, आणि ती दोन पाने लिहिताना मला फार लाज वाटली. ती जुन्नरकडे एका शाळेत शिक्षिका आहे असे कळले होते. पत्ता मिळवला, क्षमा मागितली आणि पार्सल टपालात टाकले.

चार महिने काही नाही. मी मनाची समजूत घातली होती, की तिने ते न उघडताच ठेवले असेल. तसे केले असते तरी तो तिचा हक्कच होता. श्रावणात जाडजूड पाकीट आले. खर्डा तिने नव्याने लिहायला घेतला होता. सोबतच्या पत्रात ओळीने क्रमांक घालून उत्तरे होती. एकतीसपैकी सत्तावीस सूचना मान्य. चार अमान्य, आणि प्रत्येकीपुढे कारण.

चौदाव्या क्रमांकाला मी सुचवले होते, की ओवीतले 'समदं' हे प्रमाण रूपात 'सर्व' असे करावे. त्यापुढे तिने लिहिले होते, "सर, आजीने 'समदं' असेच म्हटले होते. ती आता नाही. तिचे शब्द मी बदलले, तर ती काय म्हणाली होती हे पुढे कोणाला कळायचे?"

ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर वीस वर्षे व्याख्याने दिलेल्या माणसाने ते वाक्य तीनदा वाचले, आणि चौदा नंबरची चिठ्ठी मागे घेतली.

चारांपैकी तीन ठिकाणी तिचेच बरोबर होते. चौथ्याविषयी आमचा पत्रव्यवहार चालू आहे.